वाचकांचे प्रश्न : नळाचं पाणी, पहिल्या धारेपासून पेल्यापर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या लहान गावांमधून नळाच्या पाण्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत विचारलं आहे, कोणतं मशीन घ्यावं? आमचं म्हणणं असं की आधी पाणी नेमकं कुठे बिघडतं ते शोधा. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं बरं पाणी शेवटच्या पन्नास फुटांत आणि घरातल्या टाकीत बिघडल्याची उदाहरणं फार आहेत, आणि तिथला दोष मशीनने दुरुस्त होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पाणी कधी आठवड्याने येतं, कधी त्याहूनही उशिरा. सुरुवातीला पिवळट, वास मारणारं येतं, मग निवळतं. ते साठवावं का? आणि इतके दिवस साठवलेलं पाणी प्यायचं कसं? (एक गृहिणी, मनमाड)

पहिल्या धारेचं पाणी पिण्यासाठी साठवू नका. पाणी बंद असताना जलवाहिनीत दाब नसतो. सांधा सैल असेल किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला गंजून भोक पडलं असेल, तर तिथून बाहेरची ओल आत शिरते. घरजोडणीचा अर्धा इंची पाइप पुष्कळदा गटारीच्या खालून, कधी चक्क गटारीतूनच ओढलेला असतो. व्हॉल्व्ह उघडला की आत शिरलेली घाण पुढे ढकलली जाते आणि तुमच्या बादलीत येते.

किती पाणी सोडायचं याचा हिशोब सोपा आहे. अर्ध्या इंची पाइपात एका मीटरला २०० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी मावतं. म्हणजे दहा मीटरची जोडणी असली तरी तिच्यात दोन लिटरसुद्धा नसतं. एका बादलीनंतर पाणी निवळलं तर दोष बहुधा तुमच्या जोडणीत आहे. तीन-चार बादल्या गेल्या तरी पिवळंच येत असेल तर गडबड गल्लीतल्या मोठ्या पाइपात आहे. शेजारच्या दोन घरी त्याच वेळी काचेच्या पेल्यात पाणी धरून बघा. त्यांचं स्वच्छ आणि तुमचं गढूळ असेल, तर मोठ्या पाइपावरच्या फेरूलपासून (जिथे तुमची जोडणी बसवलेली असते) तुमच्या कॉकपर्यंतचा तुकडा उघडून बघायला हवा. तो बदलताना गटारीतून जाणारा भाग एकसंध, बिनसांध्याच्या एचडीपीई (चिवट प्लॅस्टिकच्या) पाइपाचा घ्या आणि बाहेरून जाड केसिंग पाइप घाला. सोडलेलं पाणी अंगण आणि संडासासाठी वापरा, तुमच्याकडे एक थेंबही वाया घालवण्याची सोय नाही हे आम्ही जाणतो.

नळाला थेट मोटर लावत असाल तर ती आजच काढा. मोटर पाणी ओढते तेव्हा पाइपात उलटा दाब तयार होतो आणि गटारीचं पाणी भोकातून आत खेचलं जातं. ते तुमच्या घरात येतं आणि शेजाऱ्यांकडेही जातं. नळाचं पाणी आधी जमिनीलगतच्या टाकीत आपोआप पडू द्या आणि तिथून मोटरने वर चढवा.

आता साठवणीचं. नळाच्या टोकाला पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असं भारतीय मानक सांगतं. तो तपासायला ओटी किंवा डीपीडी टेस्ट किट मिळतं. ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, डीपीडीने गुलाबी. रंग लगेच, काही सेकंदांतच किटमधल्या रंगपट्टीशी जुळवायचा आणि तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. रंग आलाच नाही तर क्लोरीन संपलेला आहे. आठवडाभर पिंपात राहिलेल्या पाण्यात तो राहतच नाही, म्हणून पिण्याचं पाणी रोजच्या रोज वेगळं काढून त्यालाच क्लोरीन द्या.

ताजी, ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १५ ग्रॅम घ्या. ती प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाण्यात कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत भरा. बाटलीवर ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हे द्रावण २० लिटर पाण्याला ४ मिलिलिटर लागतं, बिनसुईच्या सिरिंजने नीट मोजता येतं. ढवळून अर्धा तास थांबा आणि परत ओटी करा. फिकट पिवळा रंग आला की पाणी प्यायला तयार. नाही आला तर तेवढाच डोस आणखी एकदा द्या. द्रावण आठवड्याने नवं करा. पिशवी उघडल्यावर पावडरचा वास नाकाला झोंबत नसेल तर क्लोरीन उडून नुसता चुना उरला आहे, ती वापरू नका. संडास साफ करायच्या अॅसिडजवळ ही पावडर कधीच ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. २० लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवण्याइतकी. तासाभराने वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि मगच क्लोरीन द्या. गाळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतो आणि जंतू वाचतात. तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही.

आणखी एक. डेंग्यूचे डास पाण्याच्या रेषेच्या वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. पिंप रिकामं होईल तेव्हा आतली भिंत घासा आणि भरल्यावर तोंडाला सुती कापड घट्ट बांधा.

प्रश्न : आमच्या नळाला बोअरचं पाणी मिसळून येतं. भांड्यांवर पांढरा थर बसतो. घरी आलेल्या विक्रेत्याने दोन पेल्यांत विजेच्या दांड्या बुडवून दाखवल्या. आमचं पाणी तांबडं-काळं झालं, त्याचं आरओचं तसंच राहिलं. इतकं विष आम्ही पितोय का? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

नाही. तो रंग तुमच्या पाण्यातला नसतो, लोखंडी दांडी विरघळून तयार झालेला गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून दांडी विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी त्याच्या आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तोही पेला तांबडा होईल. आईवडिलांना घाबरवून वीस-पंचवीस हजारांचं मशीन गळ्यात मारायची ही रीत आहे, आणि ती आम्हाला अजिबात मान्य नाही.

पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड असायचंच. डाळ शिजायला वेळ लागतो, गिझरची कॉइल लवकर जाते, साबणाला फेस येत नाही, एवढा त्रास खरा. जड पाण्याने मुतखडा होतो हे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिण्याने मात्र त्याचा धोका वाढतो. एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर आरओची गरज नाही. दुसरा स्रोत नसेल तर मानकाने २००० पर्यंत मुभा दिली आहे. कठीणपणासाठी, म्हणजे पाणी किती जड आहे त्यासाठी, हेच आकडे २०० आणि ६०० आहेत.

तुमच्या भागात आम्हाला काळजी वाटते ती नायट्रेटची. बागांना दिलेलं नत्र, गोठ्यातलं पाणी आणि शोषखड्डे यांतून ते विहिरी-बोअरमध्ये उतरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिला कसलीही सवलत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि टीडीएस मीटर ते वेगळं दाखवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला त्याचा थेट धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळसर पडतात. अशा वेळी तडक दवाखाना गाठा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतं. तपासणीत नायट्रेट मर्यादेच्या वर आलं तर पिण्यापुरता आरओ घ्या, किंवा बाळासाठी दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते फरशी आणि संडासासाठी धरून ठेवा, झाडांना रोज घालू नका.

प्रश्न : सकाळी नळाचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. टीसीएल जास्त पडते का? (सिन्नर)

पेला भरून दोन मिनिटं ठेवा. तळापासून वर निवळत गेलं तर ती पाइपात कोंडलेली हवा आहे, बिनघोर प्या. वरून निवळून तळाला थर बसला तर तो गाळ किंवा चुना आहे, आणि ते पाणीपुरवठा विभागाला कळवायला हवं.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाण्याला मातकट, शेवाळी वास येतो. उकळूनही पुरता जात नाही. (येवला)

पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे पाळीने सोडलेल्या पाण्यावर, भरलेल्या साठवण तलावात पाणी उन्हाने तापतं आणि शेवाळ वाढतं. त्यातून जिऑस्मिन नावाचा पदार्थ सुटतो. माणसाच्या नाकाला तो अत्यंत कमी प्रमाणातही कळतो. त्याने अपाय होत नाही, पण क्लोरीननेही जात नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर वास काढतो. मात्र तो क्लोरीनही काढून घेतो, म्हणून गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा आणि आतलं काडतूस (कार्ट्रिज) मुदतीत बदला. जुनं काडतूस जंतूंचं घर होतं.

प्रश्न : लग्नात आणि दुकानात २० लिटरचे थंड जार घेतो. ते सुरक्षित असतात ना? (लासलगाव)

पुष्कळ सीलबंद बाटल्यांवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४५४३ हा क्रमांक असतो. सुट्या जारवर तो नसतो. आरओच्या पाण्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे जार नीट धुतलेला नसेल तर आत जंतू सहज वाढतात. थंडपणाला शुद्धता समजू नका. पुरवठादाराकडे जीवाणू तपासणीचा अलीकडचा अहवाल मागा, आणि जारच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर परत पाठवा.

प्रश्न : गच्चीवरची १००० लिटरची टाकी कशी धुवावी? पाणी कमी लागेल अशी पद्धत सांगा. (चांदवड)

पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करा. तळाचा गाळ स्पंजने काढा, भिंती नायलॉनच्या ब्रशने घासा, तारेचा ब्रश नको. मग १० लिटर पाण्यात ७ ग्रॅम टीसीएल कालवा आणि ते निवळ पाणी कापडाने भिंतींना, झाकणाला आतून, तळाला लावा. अर्धा तास ओलं राहू द्या. हातमोजे घाला, टाकीत डोकं घालून बसू नका, बाहेर दुसरा माणूस हवाच. नंतर दोन बादल्यांनी खळबळा, त्यातलं थोडं पाणी एकदा घरातल्या सगळ्या नळांतून जाऊ द्या आणि बाकीचं वॉशआऊटमधून, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या तोंडातून, काढा. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पाली आणि डास तिथूनच आत जातात.

प्रश्न : पाणी तपासायला कुठे द्यायचं आणि नमुना कसा घ्यायचा? (येवला तालुका)

नाशिकला जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडेही तपासणी होते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला विचारा. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन चालतो. तो आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा. जीवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा आणि विसळू नका. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध असतं, ते धुऊन गेलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. लोखंडी नळाचं तोंड ज्योतीने भाजा, प्लॅस्टिकचं स्पिरिटने पुसा, दोन मिनिटं पाणी सोडा, बाटली वर बोटभर रिकामी ठेवून भरा. बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो सहा तासांत पोचवा, म्हणजे सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जीवाणू) शून्यच हवेत. जीवाणू तपासणी वर्षातून दोनदा करा, एक पहिल्या पावसानंतर आणि एक मेमध्ये. रासायनिक एकदा पुरे.

अहवाल खराब आला तर नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, पाणी सुटल्याची वेळ, तुमचा व्हॉल्व्ह कोणता, शेजारच्या कोणत्या घरी तोच त्रास आहे हे लिहा, अहवालाची प्रत जोडा आणि पोच घ्या. तुमच्या गल्लीच्या शेवटच्या नळावरची रोजची ओटी नोंद दाखवा, अशी मागणी त्याच अर्जात करा. गावच्या टाकीजवळच्या नळावरची नोंद तुमच्या काही कामाची नाही.