आत घुसला तो, मग ४एक्स मलाही का?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेत. आयरेसिंग या संगणकावरच्या ऑनलाइन शर्यतीच्या खेळात, मोंझाच्या ट्रॅकवर, जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्या) शर्यतीत पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) मागचा आत घुसला आणि धडक झाली, तरी ४एक्स, म्हणजे चार इन्सिडंट पॉइंट्स, दोघांनाही का? वळण नक्की कुणाचं होतं? फिरलेली गाडी परत ट्रॅकवर आणताना तिसरा कसा येऊन आदळला? आणि प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, टाकावा का? पिंग (सर्व्हरपर्यंत डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास असतं असंही लिहिलंय. त्याचाही या धडकेत हात असू शकतो.

पॉइंट्सचं आधी उरकतो. आयरेसिंगमध्ये चूक कुणाची हे बघितलंच जात नाही. ट्रॅकबाहेर गेलात की १एक्स, ताबा सुटून गाडी फिरली की २एक्स, भिंतीला लागली तरी २एक्स, दुसऱ्या गाडीला जोरात लागली की ४एक्स. नुसता हलका स्पर्श झाला तर ०एक्स. एकाच प्रसंगात दोन-तीन गोष्टी लागोपाठ घडल्या तर बेरीज होत नाही, सगळ्यात मोठा आकडा धरतात. म्हणूनच धडकेनंतर स्पिन होऊनही तुम्हाला चारच पडले. अन्याय वाटणं साहजिक आहे, पण हे पॉइंट्स ज्यात धरले जातात ते सेफ्टी रेटिंग म्हणजे किती कॉर्नर पार केल्यावर किती इन्सिडंट पडतात याची सरासरी. दुसऱ्याच्या चुकीचा फटका कधीमधी सगळ्यांनाच बसतो आणि त्या सरासरीत विरून जातो. दर आठवड्याला बसत असेल, तर मात्र आपण गाडी कुठे ठेवतोय ते तपासायला हवं. ग्रान तुरिस्मो ७ या दुसऱ्या खेळात सॉफ्टवेअरच दोषी ठरवून सेकंदांची पेनल्टी देतं आणि कधीकधी ती मार खाल्लेल्याच्याच माथी मारतं. त्यापेक्षा दोघांना सारखं वाटून देणं मला तरी बरं वाटतं.

आता वळण कुणाचं. फॉर्म्युला वनसाठी एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार आतून येणाऱ्याचा पुढचा ॲक्सल ॲपेक्सच्या (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या) आधीपासून ॲपेक्सपर्यंत समोरच्याच्या आरशाच्या रेषेत तरी हवा, गाडी ताब्यात हवी आणि ट्रॅकच्या आत राहूनच वळण पूर्ण व्हायला हवं. ऑनलाइन शर्यतीत मी याहून कडक निकष पाळायला सांगेन: समोरचा स्टिअरिंग वळवायला लागतो त्या क्षणी तुम्ही त्याच्या दाराशी असायला हवं. त्यानंतर आत शिरलेली गाडी त्याला दिसत नाही. एका स्क्रीनवर खेळणाऱ्याला बाजूचं तसंही फारसं दिसत नाही, तो बाजूची गाडी बोलून सांगणाऱ्या स्पॉटरवर नाहीतर ती पडद्यावर दाखवणाऱ्या रडारवर विसंबून असतो. क्रू चीफ हे फुकटचं ॲप अजून लावलं नसेल तर आजच लावा; उजवीकडे गाडी आहे, अजून आहे, गेली, हे ते बोलून सांगतं.

मोंझाच्या त्या जागेचाच हिशेब मांडू. मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी जीटी३ गाडी ताशी २६० किलोमीटरच्या पुढे असते, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. रिलेटिव्हच्या चौकटीत (एफ३ दाबलं की दिसते; पुढच्या-मागच्या गाड्या किती सेकंदांवर आहेत ते दाखवते) मागचा ०.३ सेकंदावर दिसत असेल तर तो जवळजवळ २२ मीटर मागे आहे. तिथून स्वच्छ ओव्हरटेक होत नाही. आला तर तुमच्या गाडीचाच ब्रेक म्हणून वापर करायला येतोय असं समजा. ०.१ सेकंद म्हणजे सात मीटर, त्यातले साडेचार तर गाडीची लांबीच खाते. तो मात्र येऊ शकतो. म्हणून ब्रेक लावायच्या आधी त्या आकड्याकडे एक नजर टाकायची सवय लावा.

तो आलाच आणि स्पॉटर उजवीकडे गाडी म्हणाला, तर हक्क कुणाचा हा विचार तिथे करायचा नाही. स्टिअरिंग थोडं सरळ करा, आत एका गाडीची जागा सोडा आणि ब्रेक सरळ रेषेत संपवा. इथे उजव्या वळणाला लगेच लागून डावं वळण आहे. उजव्यात आत तो असला तरी डाव्यात आतली बाजू तुमची. उशिरा ब्रेक लावून खोल शिरलेल्याची गाडी उजव्या वळणातून बाहेरच फेकली जाते, तुम्हाला आतून बाहेर पडायला चांगला वेग मिळतो, आणि त्यापुढचं कर्वा ग्रांदे हे लांब वळण पूर्ण थ्रॉटलवर जातं, त्यामुळे रोज्जा या पुढच्या शिकेनच्या ब्रेकिंगपर्यंत हिशेब चुकता करायला भरपूर जागा असते. फक्त डाव्या वळणाच्या एक्झिटला उजवीकडे त्याच्यासाठी गाडीभर जागा सोडायची. पहिल्या वळणात तुम्हाला मिळालेली सवलत दुसऱ्यात त्यालाही लागू आहे, हे लोक हमखास विसरतात.

तुम्ही स्वतः मागे असाल तर उलट. समोरच्याच्या मागे चिकटून आलात की हवेचा विरोध कमी, त्यामुळे तुमचा वेग त्याच्यापेक्षा जास्त असतो. शिवाय डाउनफोर्सही (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) घटतो. एकट्याने सराव करताना जिथे ब्रेक लावता त्याच्या पाच-दहा मीटर आधी लावावा लागतो. आणि बरोब्बर त्याच्या मागे राहू नका, अर्धी गाडी बाजूला सरकून ब्रेक लावा. अंदाज चुकला तर त्याच्या डिफ्यूझरमध्ये (गाडीच्या मागच्या टोकात) न घुसता शेजारून निघून जाता येतं. शिकेन चुकलंच तर एस्केप रोडमधून सावकाश परत या आणि फायदा झाला असेल तर जागा परत द्या.

बचावाचं थोडक्यात. एफआयएच्या स्पोर्टिंग कोडच्या परिशिष्ट एलमध्ये लिहिलंय की बचाव करताना एकापेक्षा जास्त वेळा दिशा बदलता येत नाही, आणि बचावासाठी लाइन (वळणातून सगळ्यात वेगात नेणारा मार्ग) सोडून पुन्हा लाइनकडे येताना कडेला गाडीभर जागा ठेवावी. मागचा हलायच्या आधी तुम्ही आतली बाजू घेतलीत तर तो बचाव. तो हलल्यावर बघून तुम्ही हललात तर ते अडवणं. ब्रेकवर पाय असताना आडवं सरकणं सगळ्यात वाईट, कारण त्याच्या ब्रेकिंगचा निर्णय तोवर झालेला असतो. फॉर्म्युला वनमधल्या मॅक्स व्हर्स्टॅपनच्या बचावावरून तक्रारी झाल्यावर २०१६च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन ग्रां प्रीच्या वेळी, एफआयएला याबद्दल वेगळी सूचना काढावी लागली होती.

पिंगकडे वळू. तुमच्या पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी म्हणजे ती आत्ता कुठे असेल याचा तुमच्या संगणकाने बांधलेला अंदाज असतो. २६०च्या वेगात ०.१५ सेकंदात गाडी जवळपास ११ मीटर जाते आणि तेवढं अंतर सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. सरळ रस्त्यावर तो अंदाज बरोबर निघतो. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा अचानक झटका आला की काही वेळ चुकतो, आणि तुमच्याकडे फट दिसत असताना त्याच्याकडे धडक झालेली असते. म्हणून दूरच्या सर्व्हरवर खेळताना शेजारच्याला वीतभर नव्हे, अर्धी गाडी जागा जास्त द्या आणि मागून ढकलण्याचे खेळ टाळा. पिंग स्थिर १५० असेल तर चालून जातं. ६० आणि ३००च्या मध्ये नाचत असेल तर शर्यतीत उतरूच नका, कारण तुमची गाडी इतरांना उड्या मारताना दिसते. वायफाय सोडून लॅन केबल लावा, शर्यतीच्या वेळी घरातले मोठे अपलोड थांबवा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर संगणकाच्या यूपीएसवर राउटरही घ्या. पीसी चालू आणि राउटर बंद, असं अनेकांकडे असतं.

तिसऱ्या गाडीबद्दल मात्र तुमच्या बाजूने बोलता येणार नाही. तुमच्या वर्णनावरून स्पिन झाल्यावर तुम्ही लगेच ब्रेक सोडून पहिला गिअर टाकलात आणि ट्रॅक ओलांडून योग्य दिशेला लागलात. ट्रॅकवर असलेल्याचा हक्क आधी, परत येणाऱ्याचा नंतर, यात वाद नाही. गाडी फिरली की क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत दाबून धरा. गाडी थांबते किंवा सरळ घसरते; मागून येणाऱ्याला ती कुठे जाणार हे कळतं आणि तो वाट काढतो. ब्रेक सोडलात तर गाडी उलटी गडगडत पुन्हा लाइनवर येते, आणि लोक नेमके तिथेच आदळतात. थांबल्यावर रिलेटिव्ह बघा. मागचा पाच सेकंदांच्या आत असेल तर हलायचं नाही, मग दहा गाड्या गेल्या तरी चालेल. जागा मिळाली की कडेने, ट्रॅकला समांतर वेग घ्या आणि बरोबरीचा वेग आल्यावरच लाइनवर या. ट्रॅकवर तोंड उलटं असेल तर जागेवर गोल फिरवण्याआधी दोनदा बघा. गाडी अर्धवट मोडली असेल तर पिटला टो करून घ्या. मोडक्या गाडीने लाइनवरून रखडणं हाही इतरांच्या शर्यतीशी खेळच.

पहिल्या लॅपसाठी एकच: मोंझाला सरावात १५०च्या पाटीला (वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या) ब्रेक लावत असाल तर पहिल्या लॅपला २००च्या आसपास तयारीत राहा. टायर थंड असतात आणि पुढचे सगळे लवकर ब्रेक लावतात, त्यामुळे रांग मागे मागे दाबत येते. क्वालिफायिंगमध्ये आउट-लॅपवर (पिटमधून निघाल्यावरच्या फेरीत) असाल तर लाइन सोडा, मागचा वेगाच्या लॅपवर आहे.

निळ्या झेंड्यावरून खूप भांडणं होतात. फॉर्म्युला वनमध्ये लॅप होणाऱ्याला, म्हणजे पूर्ण एका फेरीने मागे पडणाऱ्याला, बाजूला व्हावंच लागतं. आयरेसिंगमध्ये निळा झेंडा फक्त माहिती देतो: मागून वेगवान गाडी येतेय. वेगवेगळ्या वर्गांच्या शर्यतीत हळू वर्गाने आपली लाइन धरून चालायचं, वाट काढायची जबाबदारी वेगवानाची. मदत करायचीच असेल तर सरळ रस्त्यावर थ्रॉटल किंचित सोडा, ब्रेकिंग झोनमध्ये बाजूला सरकू नका. दिवे चमकवणं म्हणजे मी इथे आहे एवढंच. आपल्या हायवेवरचा ‘मी येतोय, तू थांब’ वाला डिपर नाही तो.

प्रोटेस्ट. रिप्ले शांतपणे, त्याच्या कॅमेऱ्यातूनही बघा. उशिरा ब्रेक लावून अंदाज चुकलेला माणूस आणि मुद्दाम घुसलेला माणूस यांत फरक आहे, आणि तुम्ही सांगता त्यावरून हा पहिल्या प्रकारातला वाटतो. त्यासाठी टाकू नका. मुद्दाम ठोकणं, सूड म्हणून वाट बघत थांबणं, शिवीगाळ, यासाठी जरूर टाका. चॅटमध्ये त्याने शिव्या दिल्या असतील तर उत्तर देऊ नका, नाहीतर प्रोटेस्ट दोघांवर येतो. मराठीत दिलेली शिवी कुणाला कळत नाही, हा गैरसमज आहे. चूक तुमची असेल तेव्हा एक शब्द, सॉरी, तोही सरळ रस्त्यावर आधीच बटणाला लावलेल्या मेसेजने. आणि त्याची जागा परत द्यायची असेल तर लाइन सोडून, वेग हळूहळू कमी करून, ब्रेक न मारता. या प्रसंगाची फाइल हवी असेल तर सेशनमधून बाहेर पडण्याआधी रिप्ले सेव्ह करा, त्यातला फक्त तेवढाच भाग कापून ठेवा, आणि प्रोटेस्ट लिहिताना लॅप, वळण आणि गाडी क्रमांक एवढंच द्या. रागाचे परिच्छेद कुणी वाचत नाही.