कलामसाहेब जेवायला येणार असतील तर

"घरी चार माणसं जेवायला बोलवायची म्हटलं की आदल्या रात्री झोप लागत नाही. हा काही आजार आहे का?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणाऱ्या बायका बहुतेक वेळा उत्तम स्वयंपाक करणाऱ्या असतात, त्यामुळे आणखी चार पाककृती शिकून तो सुटत नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात राहणारी, हाच प्रश्न घेऊन आलेली ही बाई बँकेत अधिकारी आहे, माहेर जळगावकडचं. (तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वास्तुशांत झाली त्यानंतर तिच्या घरी कुणी जेवायला आलेलं नव्हतं. मुलीचा वाढदिवस हॉलवर, नवऱ्याचे मित्र आले तर जेवण बाहेरून. "कारणं भरपूर असतात मॅडम. कापूरबावडीचं ट्रॅफिक तर बाराही महिने."

मी तिच्या हातात कागद दिला. हयात असोत वा नसोत, कुणाही सहा जणांना जेवायला बोलवा आणि मेन्यूही लिहा. पैशाची, वेळेची अडचण नाही. गप्पांच्या बैठकीत हा खेळ लोक आपली अभिरुची मिरवायला खेळतात, तेव्हा मला त्याचा कंटाळा येतो. इथे तो कामाला येतो, कारण येणारं कुणीच नसतं. ट्रॅफिक नाही, गॅस संपला नाही, मुलीची परीक्षा नाही. सबबी गळून पडतात आणि तरीही छातीत धडधडलं, तर ते कशाने हे दोघींनाही समोर दिसतं.

पुढच्या भेटीत यादी आली. अब्दुल कलाम, लता मंगेशकर, डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि आणखी तिघं, सगळे त्याच उंचीचे. मेन्यूत सूप, बेक्ड व्हेजिटेबल, पनीर माखनी, पास्ता, तिरामिसू. यातलं तुम्ही काय करता, विचारलं तर पनीर, तेही कधीतरी.

"मग हे का?"

"आनंदीबाई अमेरिकेत राहून आलेल्या ना!"

आनंदीबाई 1886 साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या खऱ्या, पण तिथल्या थंडीतही त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नव्हता. शिवाय त्या शेजारच्या कल्याणच्या. त्यांच्यापुढे पास्ता ठेवायचा घाट कशासाठी? कलामसाहेबही शाकाहारी आणि साधं जेवणारे. पाहुण्यांना काय आवडेल याचा यात विचारच नव्हता. आपण कमी दिसू नये, एवढाच होता.

"समजा, कलामसाहेबांना पनीर आवडलं नाही. काय म्हणतील?"

"ते कशाला काही म्हणतील?"

"आनंदीबाई?"

"छे!"

"मग कोण म्हणणार?"

ती बराच वेळ पंख्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "चुलत जाऊबाई."

जाऊबाई यादीत नव्हत्या, पण मेन्यू त्यांच्यासाठीच होता. वास्तुशांतीच्या पंगतीत त्यांनी भाजीचा घास घेऊन सगळ्यांसमोर विचारलं होतं, "केटरर कोण गं?" भाजी हिने पहाटे चारला उठून केली होती. एवढंच. बाहेरच्याला ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटेल. मला वाटली नाही. भरल्या पंगतीत झालेला अपमान माणूस तपशिलासकट लक्षात ठेवतो.

मी तिला 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात येईल असा टीशर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. ती फटकन म्हणाली, "टीशर्ट लोक बघतात. भाजी तोंडात घालतात." मुद्दा बिनतोड होता. म्हणून प्रयोगाच्या भरवशावर न राहता आम्ही तिच्याच घरात पडताळा घ्यायचं ठरवलं.

त्याआधी एक मजा झाली. यादी पुन्हा लिहायला सांगितली तर तिने गाडगेबाबांना बोलावलं. "ते आल्या आल्या खराटा मागतील. माझा ओटा बघून नाव ठेवण्याऐवजी स्वतःच घासायला घेतील," म्हणाली आणि मोठ्याने हसली. मेन्यू आपोआप बदलला: भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. बाबांच्या गाडग्यात तिरामिसू कसं वाढणार?

खऱ्या पाहुण्यांची सुरुवात चहा-पोह्यांपासून केली, शाखेतल्या दोघी मैत्रिणींना बोलावून. माझ्या अटी दोनच. पोहे पुढे ठेवताना "बिघडलेत जरा" म्हणायचं नाही, आणि "मीठ बरोबर आहे ना?" विचारायचं नाही. अशा वाक्यांनी आपण टोमणा आधीच झेलून ठेवतो. मग काहीच वाईट घडलं नाही, तरी मन म्हणतं, मी माफी मागितली म्हणून निभावलं. पाहुणे यायच्या आधी भीती कागदावर लिहायची, गेल्यावर शेजारी घडलेलं लिहायचं. तिने लिहिलं होतं, "खातील थोडं आणि एकमेकींकडे बघतील." शेजारी लिहिलं, "एकीने दोनदा घेतले. दुसरीने अर्धे ठेवले, तिचा उपास होता, मलाच विचारायचं सुचलं नाही."

थंडीत जांभळी नाक्यावर भरताची वांगी चांगली मिळायला लागली तेव्हा तिने त्याच दोघींना सहकुटुंब जेवायला बोलावलं. भरीत जरा जळकट झालं. एकीच्या नवऱ्याने ते बोलूनही दाखवलं. तिने कागदावर लिहिलं, "बोलला. मग तिसरी भाकरी मागितली."

तर आजार आहे का? पाहुण्यांपुरती धास्ती असेल तर बहुधा नाही, अशी एकेक पायरी चढत ती कमी होते. पण तीच धडधड फोन उचलताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, चारचौघांत घास घेतानाही होत असेल आणि महिनोन् महिने टिकत असेल, तर ती सामाजिक चिंता असू शकते. मग खेळांवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. ठाण्यात सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

जाऊबाईंना अजून बोलावलेलं नाही. मागच्या भेटीत विषय निघाला तेव्हा म्हणाली, "बोलावेन. पण आधी चहाला. आणि चकल्या विकतच्या ठेवणार, विचारलं तर दुकानाचं नावही सांगणार." मी म्हटलं, चालेल.