बाबांच्या कपाटाचं काय करू?

प्रश्न: वडील जाऊन वर्ष होत आलं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पुस्तकांची दोन कपाटं आहेत. भाऊ म्हणतो सगळी वाचनालयाला देऊन टाकू आणि जागा मोकळी करू. माझा हात धजत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, आधी भावाला सांगा की असली कपाटं एका रविवारात रिकामी होत नसतात. आमचे हे गेल्यावर माझ्याकडंही जो तो हेच सांगत होता, लायब्ररीला द्या म्हणून, पण वाचनालयवाल्यांची पण अडचण असते हो, 1967 च्या कायद्याप्रमाणं अ ब क ड असा दर्जा मिळतो, त्यावर अनुदान मिळतं, जागा मात्र आहे तेवढीच राहते आणि गाजलेल्या कादंबऱ्या रॅकवर आधीच असतात. म्हणून पोती भरून नेऊ नका. यादी करा, हिराचंद नेमचंद वाचनालयात नाहीतर जवळच्या वाचनालयात दाखवा, त्यांना हवी तेवढीच द्या.

पण त्याच्या आधी प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत उलटून बघा. आमचे हे गिरणीत होते. पुस्तक संपलं की मागच्या कोऱ्या पानावर तारीख आणि पाळी लिहायची सवय, 'रात्रपाळी, बाहेर पाऊस' असं. गिरणी बंद पडल्यानंतरच्या पुस्तकांवर नुसती तारीख आहे, पाळी नाही. गिरण्या बंद झाल्या त्यावर पेपरात किती छापून आलं, ते सगळं मी वाचलं, पण मला ती मोकळी जागा बघून जे कळलं ते त्यात कुठं नव्हतं. तर बाबांच्या हातचं अक्षर आहे ती सगळी ठेवून घ्या, भाऊ काही म्हणू दे.

आणि जी ठेवाल ती नीट ठेवा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, वरच्या मजल्यावर जुन्या कागदाचे तुकडे पडायला लागतात. उन्हात टाकू नका, सावलीत वारं लागू द्या, गंजलेल्या पिना काढा, सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डिंक पिवळे डाग पाडतो.

प्रश्न: मी मराठीचा निवृत्त शिक्षक, अक्कलकोटला असतो. मुलगा अपघातात गेला. लोक धीर देणारी पुस्तकं आणून देतात, पण मला एक पान वाचवत नाही. आयुष्यभराची सवय गेली का?

उत्तर: सर, सवय कुठं जात नाही. त्या दिवसांत डोळे ओळीवरनं फिरतात आणि पानाच्या खाली आलं तरी वर काय होतं ते आठवत नाही, माझंही तेच झालेलं. जबरदस्ती करू नका. ती धीर देणारी पुस्तकं तर बाजूलाच ठेवा, दुःखातनं बाहेर काढायची घाई लिहिणाऱ्याला असते, आपल्याला नसते.

आपल्या सोलापूरच्या कवी कुंजविहारींची 'भेटेन नऊ महिन्यांनी' तुम्हाला माहीतच असणार. फाशी जाणारा मुलगा आईला सांगतो, परत तुझ्याच पोटी येईन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे सोलापूरचे चौघे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले, त्यांच्या गावाकडची आपण माणसं, त्यामुळं लहानपणी आम्हाला त्यात देशभक्तीच तेवढी दिसायची. आता मला आई दिसते. कवितेत सगळं मुलगाच बोलतो, तिला एक ओळ नाही. कवीनं तिच्या तोंडी काही घातलं नाही हे मला फार खरं वाटतं, काय बोलणार ती? तुम्ही आत्ता तिच्या जागेवर आहात, सर.

लगेच ती कविता काढून बसा असं मी म्हणत नाही. पाठ असलेलं काही असेल, तुकोबांचे अभंग असतील, तर संध्याकाळी मोठ्यानं म्हणा, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून. नाही म्हणवलं तर सोडून द्या.

आणि मुलाच्या वह्या-पुस्तकं कुणी गरजू पोरांसाठी मागायला येईल, चांगल्या मनानंच येईल, तरी आत्ता होय म्हणू नका. नंतर बघू म्हणा.