बागेत गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर

ताई, घाबरू नका, पण घाईही नको. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात गांधीलमाश्या पाण्यापाशी घिरट्या घालतात. ते पाणी नेऊन त्या पोळं थंड ठेवतात. म्हणून लिंबाच्या फांद्यांत, कुंड्यांमागे आणि विशेषतः झाकून ठेवलेल्या कूलरमध्ये हात घालण्याआधी नीट बघा.

नवीन माणसाच्या नेहमीच्या चुका दोन:
- पोळ्याला दगड मारणं किंवा पलिता लावणं. एक चिडली की बाकीच्याही धावून येतात.
- काटा शोधत कातडी पिळणं. मधमाशीचा काटा अंगात राहतो, गांधीलमाशीचा सहसा नाही.

चावलीच तर अंगठी-बांगड्या आधी काढा, जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं धरा. ओठ सुजले किंवा दम लागला, तर हळद-चुना लावत बसू नका, थेट 108 ला फोन करा.

वाटेत नसलेलं पोळं मी तसंच राहू देते. झाडांवरच्या अळ्या त्याच वेचतात.