अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, तर मग चंद्राला कोण धरून ठेवतं?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या पुस्तकात वाक्य आहे, ‘स्थानकात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे अंतराळवीर तरंगतात.’ आणि ती विचारते, मग त्याच्या जवळजवळ हजारपट लांब असलेला चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो? मुलीची शंका अगदी रास्त आहे. चूक आहे ती त्या वाक्यात. मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, आणि हा प्रश्न स्वतःहून विचारणारी मुलं फार थोडी भेटली. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण इथेच ६,३७० किलोमीटरवर उभे आहोत. त्यात ४०० ची भर पडली म्हणून ओढ फारशी कमी होत नाही. गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, इथे ९.८ मीटर प्रति सेकंद आहे, तिथे ८.७ च्या आसपास. समजा ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून ६० किलोचा माणूस उभा केला, तर काटा ५३ दाखवेल. तो माणूस अजिबात तरंगणार नाही, मुकाट्याने उभा राहील.

मग स्थानकातली माणसं का तरंगतात? कारण ती पडत आहेत, आणि त्यांच्या पायाखालचं स्थानकही त्यांच्याबरोबरच पडतंय.

आपल्याला जे वजन ‘जाणवतं’ ती पृथ्वीची ओढ नसतेच, ती जमिनीची पायांना वर रेटणारी ताकद असते. ओढ शरीराच्या कणाकणावर सारखीच लागते, तिचा वेगळा पत्ता लागत नाही. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना? ओढ तेवढीच असते, फक्त बैठकीचा रेटा कमी झालेला असतो. अंतराळवीरांच्या बाबतीत तो रेटा पूर्णच नाहीसा होतो आणि महिनोन्‌महिने परत येत नाही.

हे सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गाला एक प्रयोग दाखवायचो. घरी जरूर करा. प्लॅस्टिकच्या एक लिटरच्या बाटलीला बुडाजवळ दाभणाने भोक पाडा. भोकावर बोट दाबून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते: वरचं पाणी खालच्या पाण्यावर भार टाकतं म्हणून. आता स्टुलावर उभं राहून बाटली तशीच सोडून द्या आणि मुलीला धारेकडे बघायला सांगा. बाटली हातातून सुटल्याक्षणी धार बंद होते. पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडतायत, कोणाचाच कोणावर भार नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलंत तर स्पष्ट दिसेल.

पण खरी गंमत पुढे आहे. तीच बाटली मोकळ्या जागेत सरळ वर फेका. बहुतेक मुलं म्हणायची, वर जाताना धार वाहणार आणि खाली येताना थांबणार. तसं होत नाही. हात सुटला की वर जातानाही धार थांबलेलीच असते. आडवी फेका, तरी तेच. वस्तू कुठल्या दिशेने चाललीय याला महत्त्व नाही. तिला गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं कोणी धरत-रेटत नसेल, तर ती मुक्तपतनातच असते. या एका गोष्टीवर मी अख्खा तास घालवायचो, आणि तो वाया गेला असं कधी वाटलं नाही.

आता ती आडवी फेकलेली बाटली मनातल्या मनात आणखी जोरात फेकत चला. न्यूटनने हाच विचार उंच डोंगरावरच्या तोफेचा गोळा घेऊन केला होता. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. या वेगाने मुंबई-पुणे अंतर वीस सेकंदांत कापलं जाईल. त्या एका सेकंदात स्थानक सरळ रेषेपासून ४.३ मीटर खाली पडतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. पडणं चालूच, जमीन काही जवळ येत नाही. ९२-९३ मिनिटांत एक फेरी होते.

एवढ्या उंचीवरही अगदी विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिनं चालवून ते पुन्हा वर न्यावं लागतं. अमेरिकेच्या स्कायलॅब या जुन्या अंतराळ स्थानकाला असं वर उचलता आलं नाही आणि ११ जुलै १९७९ ला ते कोसळलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना तेव्हाची घबराट आठवत असेल.

आणि चंद्र? तोही पडतोय. पृथ्वीच्या केंद्रापासून तो आपल्यापेक्षा सुमारे ६० पट लांब आहे, आणि ओढ अंतराच्या वर्गाच्या पटीत घटते, म्हणून तिथे ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. इथे हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. मुलीला ४.९ ला ३,६०० ने भागायला सांगा: १.४ मिलिमीटरच्या आसपास उत्तर येईल. चंद्र दर सेकंदाला सरळ वाट सोडून पृथ्वीकडे नेमका तेवढाच वळतो.