बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांसाठी इंग्रजी कसं शिकवतात? एमए इंग्लिश झालेल्याला तिथे काम मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. नाटोकडे 'स्टॅनाग ६००१' नावाची मोजपट्टी आहे. ० ते ५ पातळ्या, आणि ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांचा वेगवेगळा आकडा. शिकवायचं ज्याने त्याने आपापल्या देशात, मोजायचं मात्र एकाच पट्टीने. त्याचा ताळमेळ 'बिल्क' ही संस्था १९६६ पासून बघते. आपण नाटोत नाही, आपला संबंध येतो तो युनोच्या शांतिसेनेत.

आता एमएचं. मी एज्युकेशन कोअरचा, म्हणजे लष्करात जवानांना शिकवणाऱ्या शाखेचा, रिटायर्ड सुभेदार, कामठीला गार्ड्स सेंटरच्या जवळच घर आहे. बटालियनसोबत दक्षिण सुदानमध्ये बोरला होतो. शेजारी कोरियन इंजिनिअर. एकदा त्यांनी रेडिओवर कळवलं, जेवायला 'फिफ्टीन' येतो. आमच्या ऑपरेटरने ऐकलं 'फिफ्टी'. हा पोरगा माझ्या वर्गात पहिला आलेला, पॅसिव्ह व्हॉइस झोपेतून उठवून विचारा! लंगरमध्ये पन्नासांच्या पुऱ्यांची कणीक मळली गेली, आले पंधरा. लंगर कमांडर पराती माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "मास्टरजी, ये आपकी अंग्रेजी."

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे टेन्स पुसले. आकडा सुटा सांगायचा, 'वन फाइव्ह'. नाइनला 'नायनर'. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. कळलं नाही तर 'से अगेन', 'रिपीट' नाही, कारण तोफखान्यात रिपीट म्हणजे तोच मारा पुन्हा. संध्याकाळी कोरियन सार्जंटला चहाला बोलवायचो. तो बोलायचा, आमची पोरं ऐकायची. लंडनच्या कॅसेटीने जे झालं नाही ते आल्याच्या चहाने झालं.

हे धरमपेठेतल्या माझ्या मेव्हण्यांना पटत नाही. ते कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तेच, "भाऊजी, ही तर तारेची भाषा." असू दे ना बापा! अशा मोहिमांत सगळ्यात कमी कळतो तो ज्याची मायबोलीच इंग्रजी आहे तो. भरभर बोलतो आणि मध्येच विनोद करतो. वर्गात आधी त्याला बसवा.

हां, एक राहिलं. मिलिटरी ऑब्झर्व्हर किंवा स्टाफ ऑफिसरला रोज रिपोर्ट लिहावा लागतो. गोळीबार 'झाला' की 'चालू आहे', यात काळ चुकून चालत नाही. तिथे व्याकरण लागतंच. मेव्हण्यांना हे मी अजून कबूल केलेलं नाही.

कामाचं म्हणाल तर एज्युकेशन कोअर एमएवाल्यांना अधिकारी म्हणून घेत आली आहे. जाहिरात निघाली की आधी वयाची अट वाचा. आमचे मेव्हणे तिशी उलटल्यावर चौकशीला निघाले होते.