सायकल हळू आणि घराजवळच चालवतो, तरी हेल्मेट लागतंच का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा वेग ताशी १०-१५ किलोमीटरच्या वर जात नाही, रस्ता रोजच्या ओळखीचा आहे, आणि नेदरलँड्समध्ये तर बहुतेक लोक हेल्मेटशिवायच फिरतात. मग तुम्हाला आणि तुमच्या ८ वर्षांच्या मुलीला त्याची गरज काय? माझं उत्तर स्पष्ट आहे: दोघांनीही घाला. मी इतकं ठामपणे का म्हणतो ते सांगतो.

'हळू चालवतो' हे कारण मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. तोल जाऊन आडवे पडलात, तर डोकं जमिनीवर किती जोरात आपटणार हे मुख्यतः ते किती उंचीवरून खाली येतं यावर ठरतं. सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटर किंवा थोडं वरच असतं. दीड मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. सायकल जवळजवळ उभी असली तरी हा आकडा फारसा बदलत नाही. थांबताना पाय टेकायला चुकला, ओल्या पानांवरून चाक घसरलं, तेवढंही पुरतं.

युरोपात सायकल हेल्मेटसाठी ईएन १०७८ नावाचं मानक आहे. त्यात सपाट पृष्ठभागावरची चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने घेतात, म्हणजे बरोबर दीड मीटरवरून पडण्याचा वेग. थोडक्यात, भरधाव गाडीने उडवलं तर काय होईल याची परीक्षा तिथे होतच नाही. तुम्ही ज्याला किरकोळ पडणं म्हणता, त्याचीच होते.

आतलं काम साधं आहे. बाहेर पातळ कवच आणि आत दाबून बनवलेला थर्माकोल. उघडी कवटी डांबरावर आपटली की काही मिलिमीटरांतच थांबते. हेल्मेट असलं की थर्माकोल चिरडत जातो आणि डोक्याला थांबायला आणखी एक-दीड सेंटिमीटर मिळतो. थांबण्याचं अंतर पाचपट झालं तर सरासरी धक्का एक पंचमांश होतो. तो थर्माकोल एकदा चिरडला की परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं. जुनं, कोणी वापरून दिलेलं घेऊ नका असं मी म्हणतो ते याचसाठी: त्याने आधी काय सोसलंय ते दिसत नाही.

२०१७ साली ऑलिव्हिए आणि क्रेटन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० अभ्यासांतल्या ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी निघाली. शर्यतीतले सायकलपटूही आधी सक्तीला विरोधच करत होते. २००३ च्या पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हेल्मेटशिवाय पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच वर्षी त्यांच्या जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं.

नेदरलँड्सचं म्हणाल तर तिथे मोठ्या रस्त्यांना सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत आणि वस्तीत गाड्या हळू चालवाव्या लागतात. तसे रस्ते सगळीकडे हवेतच. हेल्मेट अपघात टाळत नाही, फक्त पडल्यावर उपयोगी येतं, हेही खरं. पण तसे रस्ते होईपर्यंत तुमचं डोकं आज आहे त्याच रस्त्यावर असणार आहे.

आता जे दुकानात कोणी नीट सांगत नाही ते. मला दिसणारी निम्मी हेल्मेटं डोक्यामागे सरकलेली असतात आणि कपाळ उघडं असतं. पुढे पडलात तर अशा हेल्मेटचा फारसा उपयोग नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी, डोक्यावर आडवं, सपाट. दोन्ही पट्टे कानाच्या खाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे मिळायला हवेत. हनुवटीखाली एखादं बोट जेमतेम जावं. मोठ्ठी जांभई दिलीत की हेल्मेट टाळूवर दाबल्यासारखं वाटायला हवं. बक्कल लावायच्या आधी मागची चकती आवळा आणि मान हलवून बघा. तरीही ते डोक्यावर वेगळं हलत असेल तर माप चुकलंय. महाग हेल्मेट हलकं आणि हवेशीर असतं, पण मानकाची खूण असलेलं स्वस्त हेल्मेट नीट बसत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन.

मुलीसाठी 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घेऊ नका. आणि तिला एक सवय आजपासूनच लावा: सायकलवरून उतरून घसरगुंडीकडे किंवा झाडावर चढायला पळायच्या आधी हेल्मेट काढायचं. खेळताना ते फटीत अडकलं तर हनुवटीखालच्या पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.